राहिलेले दोन पेपर

…फुकट, तुम्हाला सांगतो, फुकट शिकवतो म्हणे! आजकाल कुणी कुणाला पत्ता तरी नीट सांगतो का? आणि हा गृहस्थ माझ्या बायकोला आठवड्यातून दोनदा, बुधवार-शनिवार, चार ते सहा, फिजिक्स आणि फिजिकल केमिस्ट्रीची गणितं समजावून देतो, बदल्यात काही मागत नाही, आणि मी आपलं गप्प बसायचं. बरं, मी संशयी माणूस नाही. चोवीस वर्षं विजेचे मीटर तपासतोय, लोकांच्या जिन्याखाली वाकून सील बघतोय, कुणी तार वळवलीय का, कुणी चुंबक लावलंय का… नजर जरा तशी होते माणसाची, पण ती नोकरीपुरती. घरी मी संशयी नाही.

तर झालं काय, हिचे पदवीचे दोन पेपर राहिले होते. आत्ताचे नव्हेत, लग्नाआधीचे. मग लग्न, मग मुलगी, मग मुलीची शाळा, मग मुलीचंच लग्न… आणि एके दिवशी विद्यापीठाचं पत्र, की जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी, यंदा बसा नाहीतर विसरा. मी म्हटलं, विसर. काय चुकलं माझं? एक्कावन्नाव्या वर्षी रेणू किती वेगाने पळतात ते कळून करायचंय काय, आपल्याला थोडंच त्यांना गाठायचंय? दुसऱ्या दिवशी ही फॉर्म भरून आली.

महिनाभर स्वयंपाकघरात एकटीच झगडत होती. वही, खोडरबर, गॅसवर दूध उतू जातंय तिकडे लक्ष नाही… एकदा रडलीसुद्धा, माझ्याकडे पाठ करून. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं, म्हणजे बघा मी कसा माणूस आहे. आणि मग एकदम सगळं सुरळीत. कपडे वाळत घालताना गुणगुणायला लागली. मी सहज विचारलं, "कुणी मदत करतंय का?"

"आहेत एक."

"एक म्हणजे?"

"एक म्हातारे."

"कॉलेजातले?"

"होते."

"आणि फी?"

"घेत नाहीत."

संपलं. अहो, कोर्टातला फुटलेला साक्षीदारसुद्धा याच्यापेक्षा जास्त बोलतो.

मी संशयी माणूस नाही, पण वही टेबलावर उघडी पडली असेल तर माणूस वाचणारच ना? बरं, उघडी नव्हती, मी उघडली. समासात हिच्याच अक्षरात, "शनि. ४. दार नुसतं लोटलेलं असतं." लोटलेलं! आणि खाली, "तापमान वाढलं की बंध सैल होतात." आता ही केमिस्ट्री आहे एवढं मला कळतं, मीही दोन वर्षं त्याच बाकांवर काढलीत, पण कुठल्या वाक्याखाली कुठलं वाक्य यावं याला काही धरबंध? त्यात शनिवारी जाताना डबा. डब्यात माझ्या आवडीचं. विचारलं, तर म्हणते, "त्यांनाही आवडतं." त्यांनाही…

ऑफिसातल्या मित्राला सांगितलं. तो दात कोरत कोरत, "अरे म्हाताराच आहे ना, मग कशाला जीव जाळतोस?" म्हटलं, म्हातारा आहे असं ती म्हणते. तू पाहिलायस? मी पाहिलाय?

शेवटी अर्धा दिवस रजा टाकली आणि शनिवारी निघालो मागे. मी संशयी माणूस नाही, मला फक्त खात्री करायची होती. दवाखाना गेला, छापखाना गेला, मग एक पिवळी तीन मजली इमारत. ती जिना चढून वर, मी जिन्याखाली. आणि जिन्याखाली काय? मीटर. बारा मीटर एका ओळीत. मला बरं वाटलं हो, तुम्हाला सांगतो, माहेरी आल्यासारखं. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीची चकती अगदी रमतगमत फिरत होती. म्हणजे एक पंखा, एक दिवा. म्हणजे एकटा माणूस. खाली नावाची पट्टी. वाकून वाचली, तर माझंच आडनाव.

पहिला विचार काय आला असेल? लबाडाने आडनावसुद्धा माझंच लावलं! मग आद्याक्षरं वाचली. मग पायरीवर बसलो.

अण्णा. माझे वडील.

चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. अण्णा काही प्रोफेसर नव्हेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं सहायक, नळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, आणि हे करता करता सगळी व्याख्यानं उभ्याने ऐकायची. त्याच कॉलेजात मी दोनदा नापास. परीक्षकाने डूख धरला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो, तर मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर अण्णा म्हणाले, "परीक्षक चांगला होता. पेपर मी पाहिलाय." झालं. तेव्हापासून अबोला. गेल्या वर्षी त्यांनी जागा बदलली, ही पत्ता सांगायला लागली तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते.

वर गेलो. दार लोटलेलंच होतं. बायकोने वहीतून मान वर केली नाही. "आलात? मला वाटलं मागच्याच शनिवारी याल."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. किती वाळले होते… मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील, मग मी काहीतरी म्हणेन. ते म्हणाले, "पाय पूस."

बसलो. लगेच अण्णांचं गणित. "एक पदार्थ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. तासाने किती उरेल?"

"काही नाही," मी म्हटलं, "चाळीस मिनिटांत खलास."

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याने सुनेकडे. "उरलेल्याचा निम्मा जातो हो," ती म्हणाली, "आठवा हिस्सा उरतो."

"मग पुरता संपतो कधी?"

"संपत नाही," अण्णा म्हणाले. "कमी होत जातो."

मग मी धीर करून विचारलं, "अण्णा, तो परीक्षक… खरंच चुकला नव्हता?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "चुकला होता."

मी हिच्याकडे पाहिलं, ऐकलंस ना म्हणून.

"दोन मार्क जास्त दिले होते."

परीक्षेच्या दिवशी ती आत आणि आम्ही दोघं फाटकाबाहेर, तीन तास. वेळ जावा म्हणून अण्णांनी मला तोंडी गणितं घातली, सगळी चुकली. ती पास झाली, एका पेपरात एकसष्ट, दुसऱ्यात अठ्ठावन्न. मी पेढे घेऊन आलो आणि म्हटलं, सुटलो बुवा. अण्णाही आमच्याकडे राहायला आले, टेबल मोकळं झालं, बरं चाललं होतं.

आणि परवा कळलं की विद्यापीठाने संधी एक वर्ष वाढवली, आणि या दोघांनी माझा फॉर्म भरला. मला न विचारता. फोटो लावला ऑफिसच्या ओळखपत्राचा, डोळे बारीक करून समोरच्याकडे चोर असल्यासारखं बघणारा. मी धावत खिडकीवर गेलो, म्हटलं, साहेब, हा फोटो चालणार नाही, फॉर्म रद्द करा.

कारकुनाने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि शिक्का मारला. "चालतो. परीक्षेला बसणारे सगळे असेच दिसतात."