चांदणीच्या पुढं

मी शमीमबी. माहेर रेणापूरचं, दिल्ती औशाच्या अंगाला एका खेड्यात. मालकाचं वरातीच्या घोडीचं काम, चांदणी नाव तिचं. मला लई भ्या वाटायचं तिचं, चारा सुदिक लांबनंच टाकायची मी, मालक हसायचे.

मग भूकंप झाला. काय सांगू ताई तुम्हाला, आमच्याकडं माळवदाची घरं, डोक्यावर निस्ती मातीच माती. मला लोकांनी ओढून काढलं. मालक गेले, माझी लेक रुक्साना गेली, शाळेत जायची वो. घोडी बाहेर बांधलेली, ती तेवढी राहिली. दीर म्हणला इकून टाकू, हे बाईमाणसाचं काम न्हाई. मी म्हणलं मग मी खाऊ काय, आन् तिला घेऊन लातूरला आले.

पण छपराखाली जाईना मी. पाऊस आला तरी बाहेरच, घोडीच्या पोटाला टेकून बसायची, जिचं भ्या वाटायचं तिच्याच उबेला. आन् घोडीबी कशाखाली जाईना. मंगल कार्यालयात नवरदेवाला पोर्चमधी, स्लॅबखाली उतरवायचं असतंय, ही बाहेरच अडायची. लोक शिव्या द्यायचे, कामं तुटाया लागली. मी समद्यांना सांगायची, जनावर भूकंपात भेलंय, जनावर भेलंय.

एकदा नवरदेवाचा मामा काठी घेऊन तिच्या अंगावर आला. मी मधी शिरले. तवा ध्यान गेलं, लगाम थरथर करून राहिला आन् घोडी तर गप उभी. हात माझाच हालत होता. माझ्या हातातनंच तिला कळायचं, पुढं जायचं न्हाई म्हणून.

मी तिच्या कानाशी म्हणलं, चल माय, मरायचं तर दोघी मरू. आन् मीच आधी स्लॅबखाली गेले. ती आली मागनं. मामा म्हणला, मंग आधीच आणायची की.

पुढं चांदणी म्हातारी होऊन गेली. ते कार्यालय पाडलं, तिथं क्लासच्या पोरींचं होस्टेल झालं, आता मी तिथंच झाडलोट करते. कुठनं कुठनं येतेत पोरी, उमरीच्या, अर्धापूरच्या, परीक्षेच्या भ्यानं जेवत न्हाईत. मी हात धरून बसते, हालायचा थांबस्तोवर. म्हणतेत, मावशी, तुम्ही लई धीराच्या. अल्ला सुखरूप घरी पोचवो लेकरांना.

हाव, धीर आला मला. वर चार मजले हायेत तरी खाली डोळा लागतो. पण खरं सांगू ताई, भ्या व्हतं तवर वाटायचं, मीबी रुक्सानासंग तिथंच, त्या मातीखाली हाय. आता ती एकटीच ऱ्हायली तिथं.