सहा तारांचा शब्द

या, जवळ सरका. हिलो गावच्या दवाखान्यात लोकेलियाबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट ऐका. बाई चर्चमध्ये गाणाऱ्या, कान तयार. शेजारच्या बाकावर म्हातारा केओकी आणि त्याची सून मोमी बसले होते.

"बाबा, आत डॉक्टर काय म्हणाले?"

"अंगठा गेला म्हणाले. आता गिटारीवरचा खर्ज बंद."

"तुमचा अंगठा खाली खर्ज चालवायचा आणि दोन बोटं वर गायची. बाहेरून लोक विचारायचे, आत किती जण वाजवताहेत."

"आत एकटाच होता, तोही हट्टी."

"हट्टीच. गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या तारा सैल करून टाकायचात. अकरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय, पण त्या कशा लावता ते कधी कळू दिलं नाहीत."

"आमच्या घराचं लावणं आहे ते. रक्ताबाहेर कुणाला सांगणार नाही, असा वडिलांना शब्द दिलाय."

"तुमच्या लेकाला गिटार धड धरताही येत नाही. तुमच्यामागं ते मातीत जाणार, बाबा."

म्हातारा बाकावरच तिच्याकडे वळला.

"सांगणार नाही असा शब्द दिलाय, पोरी. गाणार नाही असा नाही दिला."

"म्हणजे?"

"जाड तारेपासून एकेक तारेचा सूर गातो. डोळे मीट."

त्यानं स्तोत्र म्हणावं तसा पहिला स्वर लावला, मग दुसरा. तिसरा यायच्या आत लोकेलियाबाई उठल्या आणि त्या घरचं गुपित आपल्या तयार कानात पडू नये म्हणून आपला नंबर सोडून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मंडळी, प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा केओकीची आठवण ठेवा; त्यानं शब्दही राखला आणि सूरही.