खाते, पण अंगी लागत नाही

— नाही गं, ओलीचा नाही तो वास. भिंतीला हात लाव बघू. आहे का ओली? नाही ना! आणि वास असा काही राहिलेलाच नाहीये आता, रोज फिनेलने पुसते, खिडकी दिवसभर उघडी ठेवते. ह्यांना तर काहीच येत नाही — पण ह्यांच्या नाकाचं काय घेऊन बसलीस, गॅस उघडा राहिला तरी ह्यांना कळायचं नाही. तू नाक मुरडलंस म्हणून म्हटलं. नाही मुरडलंस? बरं, नसेल. अगं, बस ना, खोली बघायला आलीस म्हणून काय उभ्या उभ्याच बघायची? पलंगावरच बस, ती खुर्ची डुगडुगते. गादी कोरी आहे. पलंगही नवाच, मुद्दाम बिनखणाचा घेतला. हे म्हणाले, अगं मग पांघरुणं कुठे ठेवायची? मी म्हटलं माझ्या डोक्यावर ठेवा, पण खणाचा पलंग ह्या घरात पुन्हा नको. ते असू दे. तू आधी खा. गरम आहे तोवर खा, थंड झालं की चीजचं चामडं होतं आणि मग बाहेर जाऊन माझ्या नावाने बोटं मोडशील. हा घे कागदी रुमाल, हात लोण्याचे होतात.

कसं केलं म्हणालीस? — नाही विचारलंस? मला वाटलं विचारलंस. सांगते तरी. काही नाही गं, अगदी सोपं. पावाचा जाड काप, त्याला बेताचं लोणी, वर किसलेलं चीज — पार कडेपर्यंत पसरायचं, मधेच ढीग घालून नाही ठेवायचा, लोक ढीग घालतात आणि मग कडा कोरड्या खातात — वर चिमूटभर मिरपूड. गॅस मंद. आणि शेवटी तव्याच्या कडेला पाण्याचे दोन-चार थेंब सोडायचे आणि चटकन झाकण. वाफ कोंडली की चीज वरून लुसलुशीत वितळतं आणि पाव खालून कुरकुरीत राहतो. हे मला कोणी शिकवलं? कोणी नाही. पोर उपाशी उठायला लागली ताटावरून की सगळं सुचतं आईला. माझी लेक एवढीशी होती, काही म्हणजे काही तोंडात घ्यायची नाही, दूध नको, भात नको, फळ नको, ओठ असे मिटून बसायची. एके दिवशी हे करून दिलं आणि बाई खाल्लं की तिने! काय खाल्लं! चीजची तार निघायची ना, ती ओढत ओढत दारापर्यंत जायची — म्हणजे अगदी दारापर्यंत नाही, उगाच कशाला खोटं बोलू, पण टेबलापासून बरीच लांब. एक टोक ह्यांच्या दातात. ऑफिसचे कपडे घालून हा माणूस दातात चीज धरून बसलेला आणि ती समोरून मागे मागे सरकतेय, हसतेय. ज्याच्या बाजूला तार तुटेल तो हरला. कायम हेच हरायचे. मुद्दाम हरायचे, मला दिसायचं ना. तू खातेयस ना? खा, खा. माझ्याकडे बघू नकोस, मी बोलतेच अशी.

तर तेच मी धरून ठेवलं. आमचं ठरलेलंच — बाकी काही असो, चीजला ही पोर नाही म्हणायची नाही. आणि नाहीच म्हणाली कधी! कॉलेजात गेली, जरा वाळायला लागली, गालाची हाडं दिसायला लागली, तेव्हा मी कंबर कसली. बटाटे उकडून मधून कोरायचे, त्यात चीज भरून वरून खरपूस करायचे. मकरोनी, दुधात शिजवलेली, वर चीजचा थर. ऑम्लेटमध्ये चीज. साध्या टोमॅटोच्या सूपमध्येसुद्धा मी किसून घालायचे, तिला न सांगता. तिचा अभ्यास असायचा, म्हणायची, आई, खोलीत दे, वाचता वाचता खाते. मी खोलीत द्यायचे. ह्याच खोलीत, आणखी कुठे. आणि थोड्या वेळाने ताटली रिकामी! रिकामी म्हणजे कशी — घासून, पुसून, ओट्यावर पालथी. सांग मला, त्या वयाची कुठली मुलगी आपली ताटली आपण घासते? मी सगळ्यांना सांगायचे. खालच्या शिवणवाल्या बाई मला एकदा म्हणाल्या, अहो, मापं घेतली मी मुलीची, काय हो ही दशा, जेवते का नाही? असा राग आला मला! मी म्हटलं, तुम्ही टीप मारा हो, माझी पोर माझ्यासमोर दोन-दोन ताटल्या रिकाम्या करते. खाते, पण अंगी लागत नाही. असतो एखाद्याचा बांधा. ह्यांच्या आईचाही तसाच होता. खाते, पण अंगी लागत नाही — हे मी इतक्यांदा म्हटलंय ना, झोपेतही म्हणत असेन.

आता माझ्यासमोर म्हणजे — ताटली माझ्यासमोर. तेवढंच.

हां, तर वास. तुला वाटेल, बाई वासावरून हलतच नाही. वास यायला लागला तेव्हा मला वाटलं मोरीच्या पाइपचा. नळवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, मावशी, पाइप ठणठणीत आहे, वास खोलीतूनच येतोय. मी त्यालाच झापलं. म्हटलं, काम येत नसेल तर तसं सांग, माझ्या मुलीच्या खोलीला नावं ठेवू नकोस. मग थंडी पडली. पांघरुणं काढायची म्हणून मी पलंगाचा खण उघडला. ती कॉलेजात होती. पांघरुणं वर आणि खाली — अगं, कागदी रुमाल. घड्या घातलेले. इतक्या सुबक घड्या, इस्त्री केल्यासारख्या, एकाला एक लावून, एकावर एक. मला आधी वाटलं काहीतरी विणायचं-बिणायचं सामान असेल. एक उघडला. टोस्ट. दुसरा उघडला, बटाटा. मकरोनी सुकून दगड झालेली. त्यांचा रंग काय, काय सांगू, तू खातेयस. मी सगळे उघडले, सगळे, एकही सोडला नाही. आणि तुला सांगते, मला कुठला कुठल्या दिवशीचा ते ओळखू येत होतं. तो जळक्या कोपऱ्याचा — त्या दिवशी शेजारीण आली आणि माझं लक्ष उडालं. तो जास्त मिरपुडीचा. एक घास, एक घास गं, एकाला तरी दाताची खूण असावी की नाही?

रडवलं का तुला? नाही ना? खा तू.

आता दवाखान्यात आहे. बरेच दिवस झाले. नाकातून नळी आहे, पण डॉक्टर म्हणाले तोंडाने घेतलं थोडं तर बरंच, म्हणून मी डबा देते. आधी डबा रिकामा यायचा आणि मी इथे आनंदाने वेडी! ह्यांना म्हटलं, बघा, घरचं ते घरचं. आणि एक दिवस ती नर्स, गोड मुलगी आहे, जिन्यात भेटली आणि म्हणाली, काकू, तुमचे चीजचे बटाटे काय सुरेख होतात हो! मी हसले. म्हटलं, आवडले ना, बरं झालं. दुसरं काय म्हणणार? अजून देते डबा. आता जरा जास्तच घालते, तिची रात्रपाळी असते बिचारीची.

डॉक्टरांनी मला सांगितलं, एक दिवस असं करा, तिच्याजवळ बसा आणि खाण्याचं काही विचारू नका. ‘खाल्लंस का’ नाही, ‘काय आणू’ नाही, काही नाही. नुसत्या बसा, बोला. मी म्हटलं, त्यात काय! गेले. बसले. आणि बोलायला काही सुचेचना. खरं सांगते. पोटची पोर, आणि मला तिच्याशी बोलायला दुसरा विषय नाही. ती खिडकीकडे बघतेय, मी तिच्या हाताकडे बघतेय, हात म्हणजे काय, नुसत्या काड्या. शेवटी तीच म्हणाली, आई, जा तू, तुझा चहा राहिला असेल. तिला माझी दया आली गं! मी बाहेर आले, तर व्हरांड्यात डॉक्टर ह्यांच्याशी बोलत होते. मला बघून डॉक्टर आत गेले. तिचं हृदय थकलंय, एवढंच ऐकू आलं. त्या वयाला हृदय थकतं का कुणाचं? घरी आल्यावर हे म्हणाले, बरी झाली की ती मावशीकडे राहणार आहे, तिला तिकडे खाण्याचा जाच वाटणार नाही. मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण, तिला धड चहा करता येत नाही. म्हणून तिकडे! आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी खालच्या दारावर पाटी लावली, खोली भाड्याने देणे आहे. म्हणाले, खोलीत कोणीतरी वावरलं पाहिजे.

मी बहिणीला फोन केला. पोरीची सोय कुठे करणार आहेस म्हणून विचारायला. तर तिला काही माहीतच नाही. कोण येणार? कधी? म्हणते. मी फोन ठेवून दिला. ह्यांना अजून बोलले नाही. बोलून काय होणार आहे? त्यांनी काहीतरी रचून सांगितलं मला, सांगू दे. मी काय खुळी आहे, हृदय थकलंय म्हणजे काय ते मला कळत नाही? पण एकच अट घातली. म्हटलं, द्या खोली, पण खाणारी मुलगी बघा. बाकी कशी का असेना, उशिरा येऊ दे, पसारा घालू दे, मोठ्याने गाणी लावू दे. माझ्या घरात कोणीतरी पोटभर खाल्लेलं मला बघायचंय.

ही खिडकी बघ, हिची एक खोड आहे. कडी नुसती ओढलीस तर येणार नाही, आधी अशी वर उचलायची — जोर लावावा लागतो, थांब — अशी, आणि मग ओढायची. पाऊस आला की तेवढी लक्षात ठेव. समोर पार्किंग आहे, आवाज फार नाही, सकाळी एक दूधवाल्याची गाडी तेवढी —

अगं बाई! संपवलंस? सगळं? बघू बघू! कणसुद्धा नाही की गं! काय वाटतंय मला आत्ता, ते तुला सांगून कळायचं नाही. ठरलं, खोली तुझी. ह्यांना विचारायचंसुद्धा नाही, उद्याच सामान घेऊन ये. आणि रात्री काय करू? बटाटे करू? का मकरोनी? लाजू नकोस हं, भूक लागली की हाक मारायची, मी काय — अगं, ताटली घेऊन कुठे चाललीस? राहू दे, मी घासेन. ठेव. ठेव म्हणते ना ती खाली!

ओरडले का? नाही गं, चुकून आवाज चढला. बस. बस जरा. मघाशी कागदी रुमाल दिला होता ना तुला? ताटलीत नाही. पलंगावर नाही. मग —

नको, पर्स नको उघडूस. दाखवू नकोस मला. हो. हो गं. जेवून आली होतीस, पोट भरलेलं होतं, काकूंना वाईट वाटू नये म्हणून. वाटेत खाणार होतीस. असेल ना, खरंच असेल, मी कुठे नाही म्हणतेय. चांगल्या मुली असंच करतात. तुझं काही चुकलं नाही, डोळे पूस.

खोली द्यायची नाहीये. ह्यांनी उगाच पाटी लावली, मी काढून टाकते. चपला तुझ्या उजवीकडे आहेत. आणि जाताना दार जोरात ओढून घे, नुसतं लोटलं की लागत नाही.