तुलनेसाठी घेतलेलं रक्त

१९८६ साली मानखुर्दला बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघीजणी उभ्या होत्या, एकाच प्रयोगशाळेतल्या.

“कुंदा, कालची स्लाइड आज पुन्हा करून पाहिली. तेच आलं.”

“कुठली? त्या कातडी कडक होत चाललेल्या बाईची?”

“हो. तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं पेशीच्या केंद्रकातल्या त्या ठिपक्यालाच चिकटतात, आणि तो चमकतो. तिथल्या इवल्याशा आरएनएला धरून बसलेल्या प्रथिनाला.”

“रायबोसोम तयार करायला मदत करतो म्हणतात, तोच आरएनए ना? मग बरोबरच आलं की.”

“तिचं बरोबर आलं गं. पण तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त घेतलं होतं. त्यात ठिपके चमकायला नकोत, ते चमकले.”

“तूच घोळ घातला असशील, सुलक्षणा. बाटल्या बदलल्या असतील.”

“म्हणून तर आज नवीन रक्त काढलं. तरी चमकले.”

“निरोगी म्हणून घेतलं कुणाचं होतंस?”

“माझं.”

“तुला काही त्रास होतो का?”

“काहीच नाही. कोल्डरूममध्ये काम करताना बोटं पांढरीफटक पडतात, तेवढंच. ती सगळ्यांचीच पडतात ना?”

“माझी नाही पडत गं. त्या बाईचंही आधी बोटांपासूनच सुरू झालं होतं.”