शाळा बघायची रीत

मच्छे गावाजवळच्या त्या नव्या शाळेत लेकीचं नाव का घातलं नाही, ते ऐका. आमची ही सांगायची, "शाळा बघाल तेव्हा आधी पोरींचा संडास बघा." ती गेली, पण तिचा शब्द मोडायची छाती मला अजून होत नाही.

लेकीला घेऊन शाळा बघायला गेलो. हेडबाईंनी कॉम्प्युटर दाखवले, स्मार्ट बोर्ड दाखवला. मी विचारलं, "बाई, संडास?"

"त्या टोकाला जेन्ट्सचा आहे, जाऊन या."

"मला नाही जायचं. पोरींचा बघायचाय."

बाई जरा बिचकल्या, पण घेऊन गेल्या. दाराला कुलूप.

"पोरी लई घाण करतात हो. इन्स्पेक्शन असलं की उघडतो."

लेक शांतपणे म्हणाली, "आप्पा, मग मी बी इन्स्पेक्शन असलं की येतो, म्हणून सांगा बाईंना."