साध्या वेशातली नवरी

"बहिरी सून, आणि म्हणे पोलिसात! चोर पळून गाव ओलांडेल तरी हिला पत्ता लागायचा नाही."

चुलीपुढं बसून पारूकाकी असं बोलली. ऐकायला फक्त तिची जाऊ आहे, असं तिला वाटत होतं. पण दाराआड चपला हातात घेऊन जावेची नवी सून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं. तिची सासू काय म्हणाली तेही ऐकू आलं. सासू म्हणाली, "उद्यापर्यंतच काय ते. ह्यांनी कागद आणून ठेवलाय राजीनाम्याचा. सकाळी सही घ्यायची, की मिटलं."

हं. आता ऐका. जरा जवळ सरून बसा. आणि गोष्ट संपेस्तोवर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. का, ते कळेलच.

पोरगी बहिरी नव्हती बरं का. पलीकडच्या खोलीत मांजरानं दुधाला तोंड लावलं तरी तिला कळायचं. भानगड होती नावाची. माहेरचं नाव चित्रा. चित्रा बाबू लोखंडे, महिला पोलीस शिपाई, बक्कल नंबर चारशे सतरा. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, वैजयंता. नाव चांगलं, ऐसपैस. पण आठ दिवसांचं नाव ते! तेवीस वर्षांच्या कानाला आठ दिवसांत कसं ओळखीचं व्हावं? "वैजयंता, तांब्या आण" म्हटलं की ही आपली इकडंतिकडं बघायची. कोण बाई ही वैजयंता, आणि आणत का नाही तांब्या?

त्यात स्वभाव अबोल. सवय नाही, एवढं सांगून टाकावं की नाही? नाही. बघायची, मनातल्या मनात हसायची आणि गप्प राहायची. नवरा असता तर त्यानं सांगितलं असतं, पण तो दुधाचा टँकर घेऊन लांबच्या खेपेला गेलेला.

तर त्या संध्याकाळीही ती काही बोलली नाही. चपला पायात सरकवल्या आणि ठाण्यावर गेली. एक रात्र होती तिच्या हातात. रिकाम्या हातानं परतली, तर सकाळी सही.

काम काय होतं? ऐका. गावामागं खिंड आहे. खिंडीच्या वर टेकावर भैरोबाचं देऊळ. आरती करून अंधारात उतरणाऱ्या बायांची मंगळसूत्रं तोडून दोघं जण पळायचे. महिन्यात चार मंगळसूत्रं गेली. म्हणून फौजदार घोलपांनी सापळा लावायचा ठरवला, साध्या वेशात.

"एकीनं नव्या नवरीचा वेश करायचा," फौजदार म्हणाले. मग तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं त्यांची नजर गेली. "तुला काय करायचंय? आहेस तशीच ये."

तेवढ्यात शिरतोडे हवालदार आत आले. तीस वर्षांची नोकरी. अंगावर धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात शेळीची दोरी. धनगर शोभत होते अगदी. आणि साहेबांना बघताच टाचा जुळवून त्यांनी असा कडक सलाम ठोकला, की शेळीनं टेबलावर उडी मारली!

"शिरतोडे! धोतरात सलाम? चोरांना आवतणच धाडा ना!"

"हात ऐकत नाही, साहेब."

"ऐकायला लावा. आणि दोघंही कान उघडे ठेवा." फौजदार बोटांवर मोजत सांगू लागले. "निघायची वेळ डायरीत लिहून निघायचं. शिट्टी नाही, काठी नाही, खाकी मोजासुद्धा नाही. ओळखपत्र मात्र अंगावर पाहिजेच. कुणाला हात लावायच्या आधी ते दाखवायचं, नाव सांगायचं, ठाणं सांगायचं. नाहीतर गाव तुम्हालाच चोर म्हणून बडवेल. आणि आपापसात नाव नाही, हुद्दा नाही, सलाम नाही. काही झालं तरी नाही. अंधारात ओळख पटवायची तर एकानं विचारायचं, शेळी कुणाची? दुसऱ्यानं म्हणायचं, मावशीची. बस्स."

बाहेर आल्यावर शिरतोडे हळूच म्हणाले, "पोरी, साहेब शहरातले, त्यांना बोललो नाही. खिंडीत हाकमाऱ्या आहे. तो नावानं हाक मारतो. ओ दिली, की माणूस आवाजामागं चालत सुटतं, ते जुन्या बारवेत जाऊन पडतं. माझा चुलता तसाच गेला. पायऱ्यांची विहीर ती, आता तळाला नुसता चिखल आहे, पण तेव्हा पाणी होतं."

ती म्हणाली, "हं."

एवढंच! दुसरी कुणी असती तर घर गाठलं असतं. पण घरी कागद वाट बघत होता ना.

दिवेलागण झाली. अंधार पडला. शिरतोडे शेळी घेऊन देवळाच्या पायरीशी बसले. फौजदार मुंडासं बांधून खिंडीच्या खालच्या तोंडाला बिडी ओढत बसले. ही वरून खाली चालत येणार. वरचे तीस-चाळीस कदम शिरतोड्यांच्या नजरेत, खालचे साहेबांच्या. मधे मात्र एक वळण आहे. कातळ दोन्ही अंगांनी जवळ येतो तिथं. ते ना वरून दिसतं, ना खालून. तिनं अंधार पडायच्या आत जाऊन पावलं मोजून ठेवली होती. चाळीस. एकटं राहायचं ते तेवढंच.

निघाली. खोटी ठुशी, खोटं मंगळसूत्र, खरा चुडा. ओळखपत्र पोलक्यात. चुडा किणकिण वाजतोय. वळण आलं. एक. दोन. तीन.

"वैजयंताऽऽ!"

बाईचा आवाज. गोड. ही आपली मोजतेय. सात. आठ.

"वैजयंता गंऽऽ!"

बारा. तेरा. मनात म्हणते, एवढ्या रात्री कोण कुणाला बोलावतंय? आणि ती बाई ओ का देत नाही? सोळाव्या पावलाला डोक्यात उजेड पडला. अगं बाई, वैजयंता म्हणजे मीच की!

पण तोवर दोन हाका फुकट गेल्या होत्या. हाकमाऱ्यालाही चमत्कारिक वाटलं असेल. जन्मात असं झालं नसेल त्याचं!

मग आवाज बदलला. मागून आला. घोगरा, तंबाखू खाल्लेला. हुबेहूब शिरतोडे! "चित्रा! ए चित्रा! चोर सापडला बघ, इकडं ये!"

पाऊल थबकलं. ओठ उघडलेसुद्धा. आणि मिटले. नाव? खिंडीत नाव घ्यायचं नाही, हे शिरतोडे विसरतील का? सलामाची बंदी विसरतील. नावाची नाही विसरायचे. त्यांचा चुलता गेलाय त्यात.

ती चालत राहिली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

वळण संपलं नाही.

साठ. ऐंशी. दोन्हीकडं कातळ तसाच. दीडशे. दोनशे! अहो, दोनशे पावलांत खिंड संपून गावाचं गोठाण लागायला हवं. इथं ना बिडीचा ठिपका, ना देवळाचा दिवा. वर चांदण्या होत्या, त्याही दिसेनात.

आणि पुढं वाटेत फौजदार उभे.

तेच मुंडासं. तीच उंची. "शाबास," म्हणाले. "झालं काम. चल माझ्यामागं."

ती जागची हलली नाही.

"लोखंडे! साहेब समोर उभा आहे. सलाम कुठाय?"

आता बघा हं. एवढ्यानं कुणाचाही हात वर गेला असता. शिरतोड्यांचा तर गेलाच असता! पण हिला हसू फुटायचं बाकी राहिलं. संध्याकाळी सलामापायी शेळी टेबलावर चढली, तेव्हा साहेबांनी शिरतोड्यांना झापलं होतं. ते भैरोबाशपथ सलाम मागणार नाहीत.

ओ द्यायची बंदी होती. विचारायची नव्हती. तिनं सरळ विचारलं, "शेळी कुणाची?"

समोरचा मग अगदी तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात म्हणाला, "शेळी कुणाची?"

हाक मारायचा धंदा त्याचा. उत्तर कुठनं येणार?

"ओळखपत्र दाखवा," ती म्हणाली.

त्यानं हात छातीकडं नेला. खिशात घालावा तसा आत घातला. बोटं आत गेली. मनगट गेलं. कोपर गेलं. खिसा नव्हता हो तिथं! छातीच नव्हती! नुसता अंधार, आणि अंधारात शिरत चाललेला हात.

तिनं डावा हात कातळाला टेकवला. डोळे मिटले. डोळ्यांवर भरवसा नव्हता, कातळावर होता. कातळ सोडायचा नाही, की वाट सुटायची नाही. अशी सरकत सरकत निघाली. कातळ खरबरीत, गार. हात सोलवटला. सोलवटू दे.

आणि तेव्हा त्यानं शेवटची हाक मारली.

"चितू..."

तिचा बाप. बाबू लोखंडे. चार वर्षांपूर्वी गेलेला. चितू म्हणणारा जगात तो एकटाच होता.

"चितू, दिवा आण गं बाळा. दिसत नाही मला. कधीचा उभा आहे."

ऐका, मंडळी. पोटातून ओ वर येते ना, ती अडवता येत नाही. उचकी अडवता येते का? छातीत आली. गळ्यात आली. जिभेवर आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिनं उजव्या हातानं पोलक्यातनं ओळखपत्र ओढून काढलं, आडवं दातांत धरलं आणि कचकन चावलं! ओ आतल्या आत फुटली. बाहेर निघाली नाही.

गार श्वास मानेवर. कुणीतरी मंगळसूत्राला मागून हिसका दिला. पोत तुटली. तुटू दे, सरकारी होती. ती थांबली नाही. दात घट्ट, हात कातळावर. पाऊल. पाऊल. पाऊल.

आणि हाताखालचा कातळ संपला. बिडीचा वास आला.

तिनं डोळे उघडले. दहा हातांवर मुंडासं. पण आता ती फसणार होती होय? तोंडातलं ओळखपत्र न काढता, दातांतूनच, "हेळी कुणाची?"

"मावशीची!" फौजदार फणकारले. "आणि अगं, नियम कळतात का तुला? मघापासनं साहेब, धावा, साहेब, धावा म्हणून खिंडभर बोंबलत होतीस! चोर थांबतील का आता?"

तिनं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा. मधल्या दोन तर आरपार.

साहेबांनी ते उलटंपालटं करून बघितलं. शहरातला माणूस, पण अडाणी नव्हता. म्हणाले, "मी उठलो होतो. दोन पावलं गेलो होतो. मग राग आला, म्हटलं साहेब म्हणून हाक मारते, जातच नाही. बसू दे ओरडत." बिडी विझली होती, ती त्यांनी पुन्हा पेटवली. काडी तीनदा हुकली.

वरच्या अंगाला शिरतोड्यांचंही तेच. तिच्या आवाजात हाक आली, "हवालदार काका!" हुद्दा ऐकला मात्र, शेळीच्या गळ्यात हात घालून भैरोबाचा जप करत बसले.

उजाडल्यावर, रात्री कुणी ओ दिली की काय ते बघायला तिघं मिळून बारवेपाशी गेले. तळाला कमरेएवढ्या चिखलात दोन माणसं! एकमेकांना मिठी मारून कुडकुडत बसलेली. तेच ते मंगळसूत्रवाले. "बाई," तिचा आवाज ऐकताच त्यातला एक रडायला लागला, "तुम्हीच हाका मारत होता की रात्रभर! दोघांना नावानिशी! आम्ही ओ दिली आणि पाय आपोआप..."

तिनं पायरीवर उभं राहून आधी ओळखपत्र दाखवलं. नाव सांगितलं. ठाणं सांगितलं. सगळं नियमाप्रमाणं. तोवर दोघांनी हात पुढं केले होते. "न्या, पण लवकर न्या."

घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. सासऱ्यानं राजीनाम्याच्या कागदाचे चार तुकडे करून चुलीत टाकले. "माझी सून!" म्हणून ओसरीवर चहा वाटला. पारूकाकीनं दृष्ट काढली. सगळे खूश! आणि खुशीत बेत ठरला. आज रात्रीच सगळ्यांनी भैरोबाला जायचं. बायामाणसं, पोरंबाळं, अंगावर दागिने घालून. चोर तर गेले. खिंडीची वाट मोकळी झाली!

"आता काय भ्यायचंय?" सासरा म्हणाला. "पुढं आमची पोलीस, मागं आम्ही!"

सासू हसली. पारूकाकी नेसायची लुगडी काढायला उठली.

तेव्हा ती बोलली. आठ दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मामंजी, चोर गेले, तो गेला नाही. देवाला उद्या जायचं, दिवसाउजेडी, वरच्या डांबरी रस्त्यानं. खिंडीतनं कुणी जायचं नाही. आज नाही, कधीच नाही. आणि काकी, तुम्ही सगळेच नीट ऐका. रात्री त्या बाजूनं माझ्या आवाजात हाक आली, माझ्यासारखं रडणं आलं, तुमचं नाव घेऊन मी वाचवा म्हणाले, तरी ओ देऊ नका. दाराची कडी काढू नका. ती मी नसेन."