मुलाच्या नावाची वेबसाइट

बसा ना, उभ्याउभ्या काय पासवर्ड मागताय — देणारच आहे. वेबसाइट बंद करायला मुलाने पाठवलंय तुम्हाला, मला ठाऊक आहे, सकाळीच बजावून गेला, "आई, कॉम्प्युटरवाले येतील, त्यांना अडवू नकोस." मी कुठे अडवतेय? फक्त काय बंद करताय ते तरी बघा. लहानपणी त्याला फिट यायच्या — तेव्हा आम्हाला धड कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून मी जे जे शिकले ते इथे लिहीत गेले, त्याच्याच नावाने, त्याच्या फोटोंसकट. लिहिणं सोपं हो. सांभाळणं — त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांना वाटतं, एकदा केली की राहते आपली. कसली राहते? आज हे अपडेट करा, ते केलं की फोटो गायब, फोटो आणले की प्रश्न विचारायची जागा बंद. डॉक्टर लोकांच्या पानांचे पत्ते बदलतात, माझ्या लिंका तुटतात — एकेक उघडून बघायची. मध्ये तर कुणीतरी आतच घुसलं, औषधांच्या माहितीच्या जागी जुगाराच्या जाहिराती — मी घाबरून अर्धी झाले, नेमकं त्या वेळी एखाद्या आईने उघडलं असतं तर? सख्खी बहीण दवाखान्यात होती आणि मी या खुर्चीत. अजून नीट बोलत नाही ती माझ्याशी.

ही मेल वाचा, आज सकाळचीच — कुणी बाप आहे, मुलीला पहिल्यांदाच फिट आली, पुन्हा आली तर तोंडात चमचा घालू का म्हणून विचारतोय. काही घालू नका, कुशीवर वळवा, डॉक्टरांना गाठा — हातातलं टाकून कळवलं मी. उद्या कोण कळवणार? तुम्ही?

त्याचं नाव काढून बाकीचं ठेवू म्हणताय? तेही बोलून झालंय त्याचं. मुलाखतीला गेला की लोक नाव शोधतात आणि माझंच पान वर येतं — दात पडलेला फोटो, फिट आली की काय काय व्हायचं ते सगळं. त्याचं चुकतं असं नाही म्हणत मी. पण लोक लिहितात ना, तुमचा मुलगा शिकला, नोकरीला लागला, वाचून धीर आला. माहिती कुठेही मिळेल त्यांना, धीर कुठून मिळणार? आणि त्याचं नवं काही मी लिहीतच नाही आता — शब्द दिलाय. म्हणजे परवाचं सोडलं तर. ऑफिसच्या जिन्यात पडला हो, इतक्या वर्षांनी — बरं तर बरं, आजूबाजूला कुणी नव्हतं, ऑफिसात अजून पत्ता नाही. पण गोळ्या चुकवल्या की पुन्हा येऊ शकते, हे आईबापांना कळायला नको? नाव कुठे घातलंय मी. आता साइटच त्याच्या नावाची आहे म्हणा — पण तो ती उघडत नाही, त्याला काही कळलेलं नाही, तुम्हीही बोलू नका —

कधी आलास?

अरे, ऐक तरी. काढणारच होते मी ते. असा बघू नकोस ना — आधी बस.

नाही, तुम्ही त्या कॉम्प्युटरला हात लावू नका. पासवर्ड मी त्याच्याच हातात देते, काय करायचं ते तो करेल. तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.